जुळ्यांची घाई आणि हातातले ४८ तास

रात्रीचे अकरा वाजले आहेत. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या एका तरुणीची कंबर संध्याकाळपासून दुखते आहे. पोट मधूनमधून दगडासारखे घट्ट होते, मग सैल पडते. सातवा महिना सरत आला आहे आणि पोटात जुळी आहेत. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, ‘‘दोघं आहेत गं पोटात, कंबर दुखणारच. पड जरा. सकाळी बघू.’’

आईचे म्हणणे वरवर पाहता खरेच आहे. जुळी असली की कंबर दुखते, पोट ताणले जाते, झोप लागत नाही. पण सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात पहाटे धावतपळत आणल्या जाणाऱ्या कितीतरी जणींची हकिगत याच ‘सकाळी बघू’पासून सुरू झालेली असते. त्या पोहोचतात तेव्हा पिशवीचे तोंड पूर्ण उघडलेले असते आणि डॉक्टरांच्या हातात काही मिनिटेच उरतात.

जुळ्यांचा लवकर होणारा जन्म दर वेळी थांबवता येतोच असे नाही. मात्र ती कुठे जन्माला येतात आणि जन्माआधी आईला कोणते उपचार मिळालेले असतात, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. त्यासाठी लागतो तो थोडा वेळ, साधारण ४८ तास. जुळ्यांच्या अकाली जन्माची सगळी काळजी या दोन दिवसांभोवती फिरते.

घाई का होते?

गरोदरपणाचे पूर्ण दिवस म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अकाली जन्मलेले मानले जाते. पोटात एकच बाळ असेल तर असे होण्याचे प्रमाण दहामागे एकाच्या आसपास असते. जुळ्यांमध्ये मात्र निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवड्यांआधी आणि दहातले जवळपास एक बाळ ३२ आठवड्यांआधीच जन्मते. तिळी असतील तर बाळंतपण सरासरी ३२ ते ३३ आठवड्यांतच होते.

याचे एक कारण सरळ आहे. गर्भपिशवी ठरावीक मर्यादेपलीकडे ताणली गेली की तिचे स्नायू आकुंचन पावू लागतात आणि तोंड आखूड होऊ लागते. दुसरे कारण म्हणजे काही वेळा डॉक्टरांनाच बाळंतपण आधी करावे लागते. जुळ्यांच्या आईला रक्तदाब वाढण्याचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, एखाद्या बाळाची वाढ खुंटते किंवा एकाला रक्तपुरवठा कमी पडू लागतो. अशा वेळी बाळांना आत ठेवण्यापेक्षा बाहेर काढणे सुरक्षित ठरते.

आपल्याकडे एक समज अजून पक्का आहे: सातव्या महिन्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही. याला कोणताही आधार नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाची फुप्फुसे, मेंदू आणि आतडी थोडी अधिक तयार करतो. धडधाकट वाढणाऱ्या बाळासाठी ३० पेक्षा ३२ आठवडे चांगले आणि ३२ पेक्षा ३४ त्याहून चांगले. या समजापायी आठव्या महिन्यात सुरू झालेल्या कळांकडे ‘आता काय उपयोग’ म्हणून कोणी दुर्लक्ष करत असेल, तर ती मोठी चूक आहे.

जुळी आहेत, पण कोणती?

सोनोग्राफीत दोन ठोके दिसले की घरात पेढे वाटले जातात. डॉक्टरांना मात्र त्या वेळी आणखी एक गोष्ट पाहायची असते: दोन्ही बाळांची वार वेगळी आहे की एकच? हे ओळखण्याची सर्वांत चांगली वेळ ११ ते १४ आठवड्यांची. तेव्हा दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथला आकार स्पष्ट दिसतो. पुढे पोट वाढले की ही खूण पुसट होत जाते. त्यामुळे पाचव्या महिन्यात पहिली सोनोग्राफी झाली, तर हे उत्तर अनेकदा हातचे निसटलेले असते.

ही माहिती एवढी महत्त्वाची का? दोघांची वार एकच असेल तर त्यांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा दर शंभर जोड्यांपैकी १० ते १५ जोड्यांमध्ये एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जाऊ लागते. एक बाळ सुकते, त्याच्याभोवतीचे पाणी आटते, तर दुसऱ्याच्या हृदयावर ताण येतो. हे वेळीच कळले तर मोठ्या केंद्रांमध्ये लेझरने त्या रक्तवाहिन्या बंद करता येतात. म्हणून एकच वार असलेल्या जुळ्यांची सोनोग्राफी १६ आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी करतात. वारा वेगळ्या असतील तर साधारण दर चार आठवड्यांनी पुरते.

बाळंतपण कधी करायचे हेही यावरच ठरते. सगळे सुरळीत असेल तर वेगळ्या वारांच्या जुळ्यांसाठी ३७ वा, एकाच वारेच्या जुळ्यांसाठी ३६ वा आठवडा योग्य मानला जातो. वार एक आणि पिशवीही एकच असेल, तर नाळा एकमेकींत अडकण्याचा धोका असल्याने ३२ ते ३४ आठवड्यांतच सिझेरियन केले जाते. म्हणजे काही जुळ्यांचा अकाली जन्म आधीपासून ठरवलेला असतो, आणि ठरवलेला असल्यामुळेच त्याची तयारी करता येते.

पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा दुसरा उपयोग म्हणजे दिवस नक्की कळतात. पुढे कोणते इंजेक्शन द्यायचे आणि कोणते नाही, हे दिवसांच्या हिशेबावर अवलंबून असते.

पलंगावर पडून राहिल्याने काय होते?

जुळी आहेत असे कळले की पहिला सल्ला मिळतो तो पडून राहण्याचा. ‘खाली पाय ठेवू नकोस’ असे सांगणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. पण जुळ्यांच्या आईला दवाखान्यात दाखल करून सक्तीने झोपवून ठेवल्याने अकाली बाळंतपण टळत नाही, हे अभ्यासांत दिसून आले आहे. उलट पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, स्नायू अशक्त होतात, मनावर दडपण येते. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात मजुरी बुडते ती वेगळीच. जड ओझी, तासन् तास उभे राहणे, जागरणे टाळावीत, दुपारी आडवे व्हावे. पण घरात हिंडण्या-फिरण्याला सहसा हरकत नसते.

पिशवीच्या तोंडाला टाका घालण्याचेही तसेच आहे. केवळ जुळी आहेत म्हणून घातलेल्या टाक्याचा फायदा होत नाही. काही मोजक्या परिस्थितीत, उदाहरणार्थ दिवस भरण्याच्या खूप आधी तोंड उघडू लागले असेल, तर डॉक्टर त्याचा विचार करतात. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्याही सरसकट सर्व जुळ्यांच्या आईंना देऊन उपयोग होत नाही. मात्र पाचव्या महिन्याच्या सुमारास योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी आढळली, तर योनिमार्गात ठेवण्याच्या प्रोजेस्टेरॉनने मदत होऊ शकते. म्हणून उपाय शेजारणीला लागू पडला म्हणून आपल्यालाही पडेल, असे गृहीत धरू नये.

नियमित तपासणीने मात्र नक्की फरक पडतो. रक्तदाब मोजणे, लघवीतील प्रथिने तपासणे, लोहाच्या गोळ्या न चुकवणे, लघवीच्या संसर्गावर वेळेत उपचार करणे ही कामे साधी वाटतात. पण जुळ्यांच्या आईला पंडुरोग आणि रक्तदाब दोन्ही लवकर गाठतात. रक्तदाबाचा धोका अधिक असल्यास तिसरा महिना संपताच कमी मात्रेतील ॲस्पिरिन सुरू केले जाते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

४८ तासांचे मोल

अकाली जन्मलेल्या बाळापुढचे पहिले संकट श्वासाचे. फुप्फुसांतले हवेचे बारीक फुगे उघडे राहण्यासाठी आतून एक चिकट, निसरडा थर लागतो. तो पुरेसा तयार नसेल तर प्रत्येक श्वासासाठी बाळाला झगडावे लागते. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसांत याच त्रासाने गेला. तेव्हा जगातल्या कोणत्याही रुग्णालयात यावर खात्रीचा उपचार नव्हता.

वाट सापडली ती न्यूझीलंडमध्ये. ऑकलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांना मेंढ्यांवरील प्रयोगांत दिसले की स्टेरॉइड दिलेली कोकरे खूप आधी जन्मूनही श्वास घेतात. त्यांनी आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी १९७२ मध्ये स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: जन्माआधी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, तर बाळाच्या श्वासाचा त्रास आणि मृत्यू कमी होतात. आज ही इंजेक्शने अतिशय स्वस्त आहेत. डेक्सामेथासोनचे चार डोस १२-१२ तासांनी किंवा बीटामेथासोनचे दोन डोस २४ तासांच्या अंतराने दिले जातात. त्यांचा पूर्ण परिणाम व्हायला एक-दोन दिवस लागतात. हेच ते ४८ तास. कळा थोपवणारी निफेडिपिनसारखी औषधे बाळंतपण महिनाभर पुढे ढकलतील अशी अपेक्षा नसते. ती देतात ती एवढ्या दोन दिवसांची उसंत मिळावी म्हणून. जुळ्यांच्या आईच्या फुप्फुसांत पाणी साचण्याचा धोका जास्त असल्याने तीही देखरेखीखालीच द्यावी लागतात.

पण औषध चांगले आहे म्हणून ते कुठेही, केव्हाही द्यावे का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना महाराष्ट्राचाही हातभार लागला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा देशांतल्या ग्रामीण भागांत स्टेरॉइडचा वापर वाढवण्यात आला. त्यात भारतातले नागपूर आणि बेळगाव होते. अपेक्षा होती की नवजात बाळांचे मृत्यू घटतील. लहान बाळांमध्ये ते घटले नाहीतच, उलट एकूण नवजात मृत्यू किंचित वाढले. अनेक ठिकाणी दिवसांचा हिशेब अंदाजे होता, इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच जणींचे बाळंतपण लवकर झालेच नाही आणि जन्मानंतरची काळजी सगळीकडे सारखी नव्हती.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत दुसरी चाचणी घेतली. या वेळी ती रुग्णालयांत झाली. सोनोग्राफीने दिवस निश्चित केलेल्या, २६ ते ३३ आठवड्यांच्या, लवकर बाळंत होण्याची शक्यता असलेल्या २८५२ स्त्रिया त्यात होत्या. २०२० मध्ये निष्कर्ष आले: इंजेक्शन न मिळालेल्या गटात २३.५ टक्के नवजात बाळे दगावली, मिळालेल्या गटात १९.६ टक्के. म्हणजे शंभर बाळांमागे जवळपास चार बाळे अधिक वाचली.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की बोध स्पष्ट होतो. इंजेक्शनचा गुण येतो तो योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि दिवसांची खात्री असताना. म्हणूनच ‘जुळी आहेत, तर सातव्या महिन्यात फुप्फुसांची इंजेक्शने घेऊन टाका’ हा प्रघात बरोबर नाही. त्यांचा सर्वाधिक फायदा पहिल्या २४ तासांनंतर सुमारे सात दिवसांपर्यंत दिसतो. २८ व्या आठवड्यात घेतलेल्या इंजेक्शनवर ३४ व्या आठवड्यासाठी विसंबता येत नाही. लक्षणे दिसली, तपासणीत लवकर बाळंतपणाची शक्यता पटली, की ती घ्यायची.

३२ आठवड्यांआधी बाळंतपण अटळ दिसत असेल तर आईला मॅग्नेशियम सल्फेटही दिले जाते. त्याने बाळाच्या मेंदूला संरक्षण मिळते आणि पुढे सेरेब्रल पाल्सी होण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो.

दोन बाळे, दोन जागा

अकाली बाळासाठी सर्वांत सुरक्षित वाहन म्हणजे आईचे पोट. जन्मल्यावर दीड किलोच्या बाळाला रुग्णवाहिकेतून नेताना ते गार पडते, साखर उतरते, श्वास अडखळतो. आईलाच आधी योग्य रुग्णालयात हलवले तर हे सगळे टळते. जुळ्यांच्या बाबतीत यात एक जास्तीची अडचण असते, आणि तिचा विचार आधी कोणी करत नाही. लागते ते सगळे दुप्पट: उबेच्या दोन जागा, श्वासाला आधार देणारी दोन यंत्रे आणि जन्माच्या क्षणी दोन बाळांसाठी दोन प्रशिक्षित माणसे. एकच जागा रिकामी असलेल्या ठिकाणी बाळंतपण झाले, तर एक बाळ इथे, दुसरे तिसऱ्याच गावी आणि टाके घातलेली आई दोघांच्या मध्ये, अशी कुटुंबाची परवड होते.

म्हणून रुग्णालय निवडताना विचारायचा प्रश्न असा: ‘‘इथे दोन्ही बाळांसाठी नवजात अतिदक्षता आहे का?’’ जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत आजारी नवजात बाळांसाठी विशेष कक्ष असतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावताना ‘जुळी आहेत, इतके आठवडे झाले आहेत’ हे आधीच सांगावे.

जुळी म्हणजे सिझेरियनच, हाही समज तपासून पाहायला हवा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ३२ ते ३८ आठवड्यांच्या, पहिल्या बाळाचे डोके खाली असलेल्या जुळ्यांमध्ये ठरवून केलेल्या सिझेरियनमुळे बाळांना अधिक फायदा झाल्याचे दिसले नाही. अनुभवी डॉक्टर आणि तातडीने शस्त्रक्रियेची सोय असेल तर नैसर्गिक बाळंतपण शक्य असते. पहिले बाळ आडवे किंवा पायाळू असेल तर मात्र सहसा सिझेरियनच करतात.

काचेबाहेरची ऊब

‘बाळांना काचेत ठेवलंय’ हे वाक्य ऐकले की नातेवाइकांचा धीर सुटतो. पण काचेची पेटी ही लहान बाळाच्या काळजीची एक बाजू झाली. दुसरी बाजू आईच्या छातीशी असते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या कमी पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी लहान बाळांना आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे बांधून ठेवायला सुरुवात केली. पुढे तीच ‘कांगारू पद्धत’ जगभर गेली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील चाचणीने दाखवले की १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना प्रकृती पूर्ण स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच असे ठेवले तर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटतात.

जुळी असतील तर एक आईच्या छातीशी आणि दुसरे बाबांच्या, आजीच्या किंवा मावशीच्या छातीशी राहू शकते. पुरुषांनी संकोच करण्याचे कारण नाही. ऊब बापाच्या छातीतही तेवढीच असते.

दूध हा दुसरा आधार. अकाली बाळाच्या नाजूक आतड्यांना आईचे दूध मानवते आणि आतड्यांच्या गंभीर आजारापासून वाचवते. बाळाला ओढता येत नसले तरी दूध हाताने काढून नळीने किंवा वाटी-चमच्याने देता येते. दोघांना पुरेल का, ही शंका प्रत्येक आईला येते. पहिल्या दिवसांत बाळांना लागते ते काही मिलिलिटरच. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढत राहिले की ते वाढते. तरीही कमी पडले तर मातृदुग्धपेढीचा आधार असतो. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

घरी जाताना एक तारीख मात्र लिहून घ्यायलाच हवी: डोळ्यांच्या तपासणीची. ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो, फारच लहान बाळांचा त्याआधी. बाहेरून डोळे छान दिसत असतानाही आत पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या असू शकतात. वेळेत लेझर झाले तर दृष्टी वाचते. ऐकण्याची तपासणीही करून घ्यावी. आणि बाळ कधी बसेल, कधी चालेल हे मोजताना जन्मतारखेऐवजी दिवस भरण्याची मूळ तारीख धरावी. दोन महिने आधी आलेली जुळी शेजारच्या बाळापेक्षा दोन महिने मागे दिसली, तर त्यात काळजीचे काही नाही.

माहेरी जाण्याआधी

सातव्या महिन्यात डोहाळजेवण आणि मग माहेरपण, ही आपल्याकडची गोड रीत. पण जुळ्यांचा सर्वांत नाजूक काळही नेमका तेव्हाच सुरू होतो आणि त्याच वेळी गाव, डॉक्टर, दवाखाना सगळे बदलते. त्यामुळे माहेरी जायचे की नाही, यापेक्षा तिथून दोन बाळांची सोय असलेले रुग्णालय किती अंतरावर आहे, हा प्रश्न आधी सोडवावा. जुळ्यांचा प्रकार, दिवस भरण्याची तारीख, रक्तगट, रुग्णालयाचा फोन आणि रात्री गाडी कोण काढणार त्याचे नाव एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावावे. सगळ्या सोनोग्राफींचे कागद त्याच फाइलमध्ये असावेत.

आणि लक्षणे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावीत: ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा घट्ट होणारे पोट, न थांबणारी कंबरदुखी, पाळीसारखे ओटीपोटात दुखणे, खाली दाब आल्यासारखे वाटणे, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे. डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा बाळांची हालचाल मंदावणे यांतही थांबू नये.

तपासल्यावर अनेकदा कळा खोट्या निघतात आणि बाई दुसऱ्या दिवशी घरी परतते. ‘उगाच धावपळ केली’ असे कोणी म्हणेल, म्हणू द्यावे. डॉक्टरांनाही अशा फेऱ्यांचा कंटाळा नसतो. पहाटे पिशवीचे तोंड पूर्ण उघडलेले असताना आलेल्या आईपेक्षा रात्री अकराला आलेली आणि सकाळी चालत घरी गेलेली आई त्यांना केव्हाही हवी असते.